पट्टीशिवाय कुणी येऊ नये

संपाला वर्ष उलटलं तेव्हा घाटकोपरच्या भटवाडीतल्या मोरेश्वर चाळीत पैसा नावाची वस्तू जवळजवळ दिसेनाशी झाली होती. चाळ डोंगराच्या उतारावर, बैठी. डोक्यावर पत्रे, आणि दोन खोल्यांच्या मध्ये विटांची एक भिंत, तीही पत्र्यापर्यंत न पोचता वीतभर खालीच थांबलेली. एका घरातली शिंक दुसऱ्या घरात ऐकू यायची आणि एका घरातली भांडणं चारही घरांत. राहणारे बहुतेक मालवण-कुडाळकडचे, पुरुष सगळे गिरणीतले. संप शिमग्याला मिटेल म्हणाले, मग गणपतीला मिटेल म्हणाले, आणि मग कुणी काही म्हणेनासं झालं. मोठ्या पोरांना गावी धाडून दिलं, बायकांच्या गळ्यातले मणी वाण्याच्या गल्ल्यात गेले, आणि वाण्यानेही शेवटी हात जोडले.

अशा वेळी समोरच्या सोसायटीतले श्यामकांत वर्तक चाळीत आले. विम्याच्या कचेरीत नोकरीला, सगळे त्यांना भाऊ म्हणत. माणूस भला. अशा माणसाच्या हातून वाईट झालं की कुणाला धड शिव्याही देता येत नाहीत, ही त्यातली पंचाईत. भाऊंनी कुठेतरी वाचलं होतं की परदेशात एका गावाने मंदीच्या काळात आपलं आपण चलन काढलं आणि गाव तगलं. ते म्हणाले, "पैसा नाही ना? नसू दे. हात आहेत ना? तू याचं काम कर, तो त्याचं करेल. एका तासाच्या कामाला एक खूण. कुणाचाही तास, किंमत एकच."

चाळीला ते पटलं. काशीराम राणे गिरणीच्या घडी खात्यातला, त्याच्या घरी कापडाच्या निळ्या काठांची गुंडाळी पडून होती. तिचे बोटभर तुकडे कापले आणि त्यावर चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा शिक्का मारला. झाली पट्टी. गणपतीचा शिक्का म्हटल्यावर खोटी पट्टी करायची छाती कुणाची होणार?

आणि खोटं कशाला बोला, चाललं ते. दत्ताराम तावडे गवंडीकाम जाणणारा, त्याने गळकी घरं लिंपली. जयंती सावंतने पोरांचे झगे शिवले. कुणी गिरणावळ वाचावी म्हणून जात्यावर दळून दिलं, कुणी रेशनच्या रांगेत दुसऱ्याच्या जागी उभं राहिलं. घरी बसून भिंतीकडे बघणारे पुरुष पुन्हा सकाळी अंघोळ करून कामाला निघाल्यासारखे निघू लागले. भाऊ दर रविवारी यायचे आणि हे बघून त्यांचे डोळे भरून यायचे.

पहिल्याच सभेत कशाला पट्टी आणि कशाला नाही यावर घोळ झाला होता. जयवंत परब तेव्हा धडधाकट नसला तरी तोंडाने धट्टाकट्टा होता. तो मागून ओरडला, "भाऊ, आनि खांद्याक काय? तासाक एक, की खांद्याक एक?" सगळे हसले. भाऊ मात्र गंभीर झाले आणि म्हणाले, मर्तिकाला पट्टी नाही, ते माणुसकीचं. मग कुणीतरी विचारलं, आजाऱ्याजवळ बसायचं काय? बायका म्हणाल्या, त्याला कसली पट्टी, ते शेजारधर्माचं. पण भाऊ अडून बसले. बायकांचं काम कुणी मोजतच नाही, त्याला काम समजतच नाहीत, म्हणून तर तुमची ही गत आहे, असं ते तळमळीने बोलले. बायकांना बरं वाटलं. इतक्या मानाने कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. आजाऱ्याजवळ बसणं पट्टीचं काम ठरलं.

जयवंतची बायको प्रेमा त्या सभेत पुढेच बसली होती, आणि हात वर करणाऱ्यांत तिचाही हात होता.

जयवंत गिरणीत ब्लोरूमला होता. तिथे कापूस पिंजून निघतो आणि माणसाच्या छातीत जाऊन बसतो. संपाआधीच त्याचा खोकला जुना झाला होता, पण काम होतं तोवर खोकल्याकडे बघायला सवड नव्हती. काम बंद पडलं आणि दुखण्याने अंथरूण धरलं. तरी सुरुवातीचे महिने तो दारात बसून स्टोव्ह दुरुस्त करायचा. पिना घालायचा, वायसर बदलायचा, नळीचं काजळ काढायचा. चाळीतले सगळे स्टोव्ह त्याच्या हाताखालून गेले. तेव्हा परबांच्या घरातल्या डब्यात पट्ट्या दाबून भरायला लागत, आणि जयवंत बायकोला चिडवायचा, "गो, गिरणीत सावकार झालंय नाय, हंय झालंय."

मग एक दिवस पंप मारताना त्याचा दम असा कोंडला की ओठ निळे पडले. त्यानंतर त्याने स्टोव्हला हात लावला नाही. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डॉक्टरने प्रेमाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, घरी ठेवा, गोळ्या चालू ठेवा, एकटं ठेवू नका. दम कोंडला की पाठ चोळायची, घोटघोट पाणी द्यायचं. बाकी देवाच्या हातात.

एकटं ठेवू नका, हे म्हणायला सोपं. मुलगी लग्न होऊन कुडाळला, मुलगा संपात गावी काकाकडे पाठवलेला. गोळ्यांना पट्टी चालत नव्हती, त्यांना सरकारी शिक्क्याची नोट लागायची. म्हणून प्रेमा रोज रूळ ओलांडून पूर्वेला, राजावाडीत एका गुजराती कुटुंबात पोळ्या लाटायला जायची. सकाळी गेली की दुपार कलल्यावर परत. तेवढा वेळ जयवंतजवळ कुणीतरी हवं होतं.

जयवंतला मरणाची भीती नव्हती. त्याला एकच भीती होती, आणि ती त्याने बायकोला उघड सांगितली होती. त्याचा बाप गिरणीच्या चाळीत एकटाच गेला होता, रात्रपाळीहून माणसं परतली तेव्हा तो थंड सापडला. तोंडात पाणी पडलं नाही. तसा माणूस तहानलेला भटकतो, अशी त्यांच्या गावची समजूत. "बाकी काय नको माका," जयवंत म्हणायचा, "पन तोंडात पानी घालूक कोन तरी आसांदे. माका एकट्याक सोडू नको." प्रेमाने त्याला वचन दिलं होतं. नवऱ्याला असं वचन देताना कुठली बायको हिशेब करते?

बसायला यायची ती भिंतीपलीकडची सुहासिनी, दत्ताराम तावडेची बायको. प्रेमाहून लहान, मऊ स्वभावाची, जयवंतला दादा म्हणणारी. डब्यातल्या पट्ट्या होत्या तोवर प्रेमा रोज निघताना तिच्या हातात मोजून द्यायची. डबा उतरत चालला तसं सुहासिनी म्हणाली, "वयनी, पट्टीचा ऱ्हांदे. मी घरात बसलंय काय आनि थंय बसलंय काय." प्रेमाने मान डोलावली. थोडे दिवस तसं चाललं, आणि ते दिवस चांगले गेले. सुहासिनी तांदूळ निवडायला घेऊन दादांजवळ बसायची, दादा तिला गिरणीतल्या गमती सांगायचे.

पण चाळीत सुखाचं कुणाला बघवतं? नळावर बायकांची रांग होती. जयंती सावंतच्या घरी सासू अंथरुणावर, तिच्यासाठी जयंती रात्रंदिवस शिवून शिवून पट्ट्या जमवायची. ती घागर विसळत म्हणाली, कुणाला उद्देशून नाही, नळाला उद्देशून, "आम्ही डोळे फोडून पट्ट्या मिळवायच्या. आणि काहींना सगळं फुकट. गोड बोललं की झालं."

जयंती वाईट नव्हती, दमलेली होती. पण तिचं बोलणं प्रेमाच्या काळजात जाऊन लागलं, कारण ते खरं होतं. आणि परबांच्या घरात पिठाचा डबा रिकामा असायचा, ताठा कधीच रिकामा नसायचा. प्रेमाने घागर खाली आपटली. पदर खोचला. सगळ्या बायकांच्या देखत ती मोठ्याने म्हणाली, "ऐका सगळ्यांनी. आजपासून पट्टीशिवाय माज्या घरात कोनी पाय घालूचो नाय. माज्या घोवाक फुकटचा पानीसुद्धा नको. रवळनाथाची आन आसा!"

नळावर पाणी वाहत राहिलं. बाहेरच्याला ही नुसती रागातली बडबड वाटेल. या माणसांना तसं वाटत नाही. रवळनाथ त्यांचा गावदेव, आणि देवाची आण घातली की ती हवेत विरत नाही, ती घराच्या उंबऱ्यावर बसते. मोडली तर ज्याच्यासाठी घातली त्याच्यावर उलटते. प्रेमाने आण घातली होती ती जयवंतच्या नावाने.

घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं. जयवंत कोपरावर उठून बसला. मग म्हणाला, "ह्या काय केलंस तू." रागाने नाही. रागाला लागतो तेवढा श्वासही त्याच्याजवळ उरला नव्हता.

शब्द तोंडातून सुटल्या क्षणीच प्रेमाला पस्तावा झाला होता, पण तो सांगायचा कुणाला? आण सोडवता येते. नारळ ठेवायचा, चाळीतल्या जाणत्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं, चुकलं माकलं पदरात घे म्हणायचं. दत्तारामनेच तो मार्ग सुचवला. "चार मान्सा बोलवूया, वयनी. देव काय वैरी नाय." पण चार माणसांच्या पुढे, त्यात जयंतीच्याही पुढे, नारळ हातात घेऊन खाली मान घालायची, हे प्रेमाच्या गळ्याखाली उतरेना. ती म्हणाली, सोमवारी करू. तो सोमवार गेला. मग पुढच्या सोमवारी करू म्हणाली.

तोवर ती पट्ट्या मिळवायच्या मागे लागली. राजावाडीहून यायची आणि पाठ टेकायच्या आत कुणाचे मसाले कुटायला घ्यायची, कुणाच्या गोधड्या धुवायची. हाताला फोड आले. मिळालेली पट्टी संध्याकाळी पदरात आणि सकाळी सुहासिनीच्या हातात. पण दिवसाला एक, फार तर दोन. तेवढ्याच वेळाचं माणूस मिळायचं. उरलेल्या वेळी दार उघडं ठेवून, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून ती जायची. सुहासिनी मोठ्या मनाची, ती तासावर आणखी थोडं बसायची आणि घड्याळ पुढे आहे म्हणायची. पण जयवंतच तिला उठवायचा. "वेळ झालो गो. जा आता. आन आसा."

आणि काशीराम, भाऊ, मंडळ? मंडळाला आण वगैरे काही कळवलेलं नव्हतं. भाऊ रविवारी आले तेव्हा त्यांनी प्रेमाच्या मेहनतीचं कौतुक केलं. म्हणाले, परबवहिनींसारखा स्वाभिमान सगळ्यांत असता तर देश कुठच्या कुठे गेला असता. प्रेमाने ते ऐकलं आणि घरात जाऊन रडली.

त्या शनिवारी राजावाडीतल्या घरी मुलीचा साखरपुडा होता. शेठाणीने बजावलं होतं, पूर्ण दिवस हवा, नाहीतर दुसरी बाई बघते. प्रेमाजवळ एकच पट्टी होती. सकाळपासून जयवंतचा चेहरा तिला बरा वाटत नव्हता. ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. तिने स्वतःला सांगितलं, गोळ्या संपल्यात, आजचे पैसे आले की दोन आठवड्यांच्या गोळ्या येतील, आणि परवा सोमवार आहे, परवा नक्की नारळ ठेवू. काशीरामच्या बायकोला तिने तसं सांगूनही टाकलं. मग ती एकुलती पट्टी सुहासिनीच्या हातात देऊन प्रेमा म्हणाली, "दुपारी बस. पेज दी तेंका."

"वयनी, मी दिवसभर—"

"आन आसा गो. परवापर्यंत कळ काढ."

राजावाडीत दिवसभर ती पुऱ्या तळत होती. माणसं येत होती, पेढे वाटले जात होते, आणि तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं, आता पेज दिली असेल, आता झोपले असतील. शेठाणीने ठरल्याहून जास्त पैसे दिले आणि वर मिठाईचा पुडा. वाटेत तिने गोळ्या घेतल्या. चढ चढताना धाप लागली तरी ती थांबली नाही.

दार उघडंच होतं. जयवंत अंथरुणावरून निम्मा खाली आला होता. तांब्या आडवा पडला होता आणि पाणी चटईत मुरून गेलं होतं. एक हात भिंतीकडे पसरलेला. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सहन झालं नाही. तिने सांडलेल्या तांब्यात उरलेला घोट त्याच्या तोंडात घातला. तो ओठाच्या कडेने बाहेर आला.

मग चाळ धावली. काय सांगायचं त्या चाळीचं! ज्यांच्या घरी चूल धड पेटत नव्हती त्यांनी बांबू आणले, मडकं आणलं, कापड आणलं. काशीरामने कुणाला विचारलं नाही की पैसे कुठून. खांद्याला माणसं एवढी झाली की पाळीपाळीने द्यावा लागला. मर्तिकाला पट्टी नाही हे सभेत ठरलेलंच होतं. जिवंत माणसाच्या घोटभर पाण्याचं त्या सभेत कुणी विचारलं नव्हतं. जयंती सावंत सगळ्यांत मोठ्याने रडली आणि प्रेमाच्या पाया पडायला वाकली. प्रेमाने तिला उठवलं. तिला जयंतीचा राग येत नव्हता. तिला कुणाचाच राग येत नव्हता, आणि त्यामुळे तिची अधिकच घुसमट होत होती.

दिवस घालायला मुलगा गावाहून आला, भाऊंनी पैसे दिले, सगळं यथासांग झालं. शेजारणी आळीपाळीने येऊन बसल्या, भात-आमटी आणून ठेवली. एक सुहासिनी आली नाही. ती दारात दिसली की आत वळायची. नळावर घागर अर्धी भरली तरी उचलून निघून जायची. प्रेमाला वाटलं, दादांवर जीव होता, सोसत नसेल. बायकांत कुजबुज झाली की तावडीणीने पोटात काहीतरी दडवलंय, रात्रभर रडते, नवऱ्याला झोपू देत नाही.

तेरावं झाल्यावर मुलगा परत गावी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमा घरात एकटी होती. जयवंतचे सदरे घडी घालून ती एका बाजूला ठेवत होती, कुणाला तरी होतील म्हणून. दारात सावली पडली. सुहासिनी उंबऱ्याबाहेर उभी होती. कित्येक आठवड्यांचा आजार काढल्यासारखी वाळली होती.

"ये गो," प्रेमा म्हणाली. "आता कसली आन? ज्येच्यासाठी घातली तो गेलो."

सुहासिनी आत आली, पण चटईवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली, त्याच भिंतीला जिच्या पलीकडे तिचं घर होतं.

"वयनी, माका बोलूचा आसा. बोलले नाय तर माजो जीव जायत."

प्रेमाने हातातला सदरा खाली ठेवला.

"त्या दिवशी पेज दिलंय मी दादांका. दोन घोट घेतल्यानी. मग म्हनाले, जा, वेळ झालो. मी गेलंय. घरात जावन बसलंय, पन कान हयसरच." तिने मागे भिंतीवर हात ठेवला. "थोड्या वेळान तेंका खोकलो इलो. मग तांब्यो पडल्याचो आवाज. मग हाक मारल्यानी. सुहासिनी, पानी दी गो."

प्रेमाने चटईवर, जिथे तांब्या आडवा पडला होता तिथे, हात ठेवला.

"मी उठलंय, वयनी. रवळनाथाक ठावक आसा, मी उठलंय. पान्याचो पेलो भरून घेतलंय. तुज्या दारापर्यंत इलंय. आनि माका आन आठवली." तिच्या तोंडातून शब्द तुटून पडत होते. "पट्टीशिवाय आत गेलंय आनि आन मोडली, तर ती तेंच्यावरच पडतली. माज्या हातान तेंका काय झाला तर? परवा सोमवार. परवा वयनी नारळ ठेवतली, तवसर कळ काढूया. असा मी म्हटलंय. पेलो घेवन मी दारात उभी रवलंय. भायर. तेंका दिसलंय नाय."

प्रेमाला ओरडावंसं वाटलं, झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण हात उचलेना. उंबऱ्यावर ज्या भीतीने हिचे पाय धरून ठेवले, ती भीती कुणी आणून बसवली होती? नळावर पदर खोचून कोण ओरडलं होतं? ती जयंतीला नाही, काशीरामला नाही, भाऊंनाही बोल लावू शकत नव्हती. गंगेत जाऊन बुडाली असती तरी ते शब्द धुऊन निघणार नव्हते.

"जाताना हाक मारीत हुते?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "की गप गेले?"

सुहासिनीने तोंडात पदर कोंबला. 

"सांग गो. ऐकूचा आसा माका."

"माजो सुगावो लागलो हुतो तेंका. दारात कोन तरी आसा ह्या कळला हुता." सुहासिनीने पदर काढला. "तेंका आन ठावक हुती ना, वयनी. माका म्हनाले, सुहासिनी, ये गो, माज्याकडे पट्टी आसा. उशाखाली आसा. मी देतंय तुका. ये. दोनदा म्हनाले. आनि माका ठावक हुता नाय आसा म्हनून. शेवटची तू माज्याच हातात दिलेली. मी म्हटलंय, दादा माका आत बोलवूसाठी खोटा बोलतत, आनि देवाक काय खोटा चालना नाय. मी गेलंय नाय. मग आवाज इलो नाय. माका वाटला दम बसलो, निजले, आनि मी पेलो घेवन घराक गेलंय."

बाहेर कुणाची तरी घागर आपटली, पोरं ओरडत गेली. प्रेमा उठली नाही, रडलीही नाही. जयवंतचा सदरा तिने परत मांडीवर घेतला आणि त्याच्या बाह्या सरळ केल्या. खात्याच्या मुकादमापुढे, जॉबरपुढे कधी हात न पसरलेला माणूस, गिरणीत पगार कापला तरी दुसऱ्याचं नाव न सांगणारा. नसलेल्या पट्टीची लालूच दाखवून त्याने घोटभर पाणी मागितलं होतं, आणि ते तिने शिकवलं होतं त्याला.

"इतकी वर्सां संसार केलंय," ती म्हणाली. "ते कधी खोटा बोलूक नाय गो."